लोणी, बेण्णे, वेन्न

लोणी, लोणचं आणि लोणार. तिन्ही शब्द 'लोण'ने सुरू होतात, म्हणून लोण्याचाही मिठाशी काही संबंध असेल असं पुष्कळांना वाटतं. बाकीच्या दोघांबाबत ते बरोबर आहे. संस्कृत 'लवण' म्हणजे मीठ. त्याचं प्राकृतात 'लोण' झालं, त्यावरून मिठात मुरवलेलं ते लोणचं आणि खाऱ्या पाण्याच्या सरोवराचं लोणार. त्यात दुकानातलं पाकिटबंद बटर खारट लागतं, त्यामुळे शंका आणखी पक्की होते. पण रवीला चिकटून वर येणाऱ्या पांढऱ्या गोळ्यात मिठाचा कण नसतो, आणि 'लोणी' या शब्दातही नाही.

मग हे 'लोण' आलं कुठून? याचं उत्तर शोधायला सोलापूर फार चांगली जागा आहे. इथं घरात मराठी, अक्कलकोटच्या बाजूला गेलं की कानडी आणि शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची तेलुगू, अशा तीन भाषा रोजच्या रोज कानावर पडतात. ज्वारीच्या कडक भाकरीवर शेंगाचटणी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा हे जेवण तिन्ही भाषांच्या घरांत होतं. मराठी माणूस त्या गोळ्याला लोणी म्हणतो, कानडी माणूस बेण्णे, तेलुगू माणूस वेन्न. पदार्थ एकच, पण नाव ठेवताना प्रत्येकाची नजर त्याच्या वेगळ्या गुणावर गेली.

मराठीपासून सुरुवात करू. 'लोणी' म्हणजे संस्कृतातलं 'नवनीत'. हा शब्द आपण भजन-कीर्तनात ऐकतो. 'मृदु सबाह्य नवनीत, तैसे सज्जनाचे चित्त' ही तुकोबांची ओळ कुणाला ठाऊक नाही? नव म्हणजे नवं, ताजं. 'नीत' हे 'नी' धातूपासून बनलेलं रूप. हा धातू मराठीत अजून रोज वापरात आहे. आपलं 'नेणे' त्याचंच, आणि 'आ' लागून झालेलं 'आणणे'सुद्धा त्याचंच. म्हणजे नवनीत याचा सरळ अर्थ 'नुकतंच काढून आणलेलं'. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने तो दोन शब्दांत दिला आहे: 'नवनीतं नवोद्धृतम्'. नवोद्धृत म्हणजे नुकतंच वर उचललेलं. डेऱ्यात हात घालून ताकावरून गोळा उचलतात, अगदी तेच.

अमरकोशाच्या त्याच जागी दुधदुभत्याचे इतके बारकावे आहेत की वाचताना थांबावंसं वाटतं. काल काढलेल्या दुधापासून आज केलेल्या तुपाला तिथं स्वतंत्र नाव आहे, 'हैयंगवीन'. 'ह्यः' म्हणजे काल आणि 'गो' म्हणजे गाय, ही त्याची फोड. ताकाची तर प्रतवारीच लावली आहे. पाव हिस्सा पाणी घातलेलं ते तक्र, अर्धं पाणी घातलेलं ते उदश्वित् आणि पाणी न घालता घुसळलेलं ते मथित. आज आपण पातळ ताक आणि घट्ट ताक एवढ्यावर भागवतो. ज्या समाजात दूध रोजच्या जगण्याचा कणा होतं, त्याच समाजाला इतकी नावं लागली असणार.

नवनीत हा शब्द अमरकोशापेक्षा कितीतरी जुना आहे. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सोमयागाच्या दीक्षेचं वर्णन येतं. तिथं म्हटलं आहे की आज्य म्हणजे वितळलेलं तूप ते देवांचं, घृत म्हणजे थिजलेलं तूप ते माणसांचं, आयुत म्हणजे किंचित वितळलेलं ते पितरांचं आणि नवनीत गर्भाचं. म्हणून दीक्षा घेणाऱ्या यजमानाच्या अंगाला नवनीत लावायचं. दीक्षा म्हणजे नवा जन्म, यजमान म्हणजे गर्भ, आणि त्याच्यासाठी नावातच 'नव' असलेला पदार्थ. एकाच स्निग्ध पदार्थाच्या चार अवस्थांना चार नावं तेव्हाच होती आणि त्यांतली सगळ्यांत कोवळी अवस्था म्हणजे नवनीत.

आता 'नवनीत'चं 'लोणी' झालं कसं, ते पाहू. ऐकायला दोन्ही शब्द फार लांबचे वाटतात, पण मधली प्रत्येक पायरी मराठीतल्या दुसऱ्या शब्दांवरून तपासून पाहता येते.

पहिली पायरी शेवटच्या 'त'ची. दोन स्वरांमध्ये सापडलेला एकटा 'त' प्राकृतात गळून पडतो. 'जाती' या फुलाची 'जाई' झाली ती अशीच. नवनीत मग नवनीअ असं काहीसं झालं. दुसरी पायरी 'अव'चा 'ओ' होण्याची. 'लवण'चं 'लोण' याच नियमाने झालं, तसंच 'नव'चं 'नो' झालं. पाली भाषेत 'नवनीत'बरोबर 'नोनीत' हे रूपही सापडतं. बौद्धांच्या विनयपिटकात पाच गोरसांची नावं येतात: खीर, दधि, तक्क, नवनीत आणि सप्पि. त्यांतला 'तक्क' तर ताकाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपलेला आहे. तिसरी पायरी मधल्या 'न'चा 'ण' होण्याची, जशी 'पानीय'चं 'पाणी' होताना झाली.

चौथी पायरी मला सगळ्यांत आवडते. सुरुवातीच्या 'न'चा 'ल' कसा झाला? एकाच शब्दात एकाच जातीचे दोन आवाज जवळजवळ आले की जीभ अडखळते आणि त्यांतला एक आवाज बदलून टाकते. 'नोणी' म्हणताना दोन अनुनासिकं पाठोपाठ येतात. त्यांतलं पहिलं 'ल' झालं आणि शब्द मोकळा झाला. मराठीत हे अनेकदा घडलं आहे. 'निंब'चा 'लिंब' झाला, म्हणून आपण कडुलिंब म्हणतो. उलट दिशेनेही झालं. संस्कृत 'लांगल'मध्ये दोन 'ल' होते, त्यांतला पहिला 'न' झाला आणि आपल्याला 'नांगर' मिळाला. 'ललाट'मध्येही दोन 'ल' होते. त्याचं प्राकृतात 'णिडाल' झालं आणि तेच मराठीत 'निढळ' म्हणून उरलं. निढळाचा घाम म्हणजे कपाळावरचा घाम. शेतकऱ्याचा लिंब, नांगर, निढळाचा घाम आणि घरातलं लोणी, चारही शब्द जिभेच्या एकाच सवयीतून घडले आहेत.

शेजारच्या भाषा पाहिल्या की हा प्रवास आणखी स्पष्ट होतो. बंगालीत 'ननी' म्हणतात, म्हणजे तिथं 'न' टिकून राहिला. ओडियात 'लहुणी' म्हणतात, तिथं आपल्यासारखाच 'ल' आला. कोकणीत तर थेट 'लोणी'च.

हा बदल किती जुना, याचा एक सुरेख लेखी पुरावा आहे. राजस्थानातल्या जालोरला उद्द्योतनसूरी या जैन मुनींनी इ.स. 779 मध्ये 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात एका बाजाराचं वर्णन आहे आणि वेगवेगळ्या प्रांतांतले व्यापारी आपापल्या बोलीत बोलताना दाखवले आहेत. मराठी माणसं तिथं 'दिण्णले गहियल्ले' म्हणतात, म्हणजे दिले, घेतले. मराठीच्या इतिहासात हा उल्लेख प्रसिद्धच आहे. पण त्याच वर्णनात गुर्जर व्यापाऱ्यांना 'घय-लोणिय-पुट्ठंगे' म्हटलं आहे: तूप आणि लोणी खाऊन ज्यांची अंगं पुष्ट झाली आहेत असे. 'लोणिय'! बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीच 'न'चा 'ल' झालेला होता, 'ण' जागेवर बसलेला होता, फक्त शेवटचा 'य' गळायचा राहिला होता.

तो गळताना मागे जी 'ई' उरली, तिच्यातही एक खूण आहे. मराठीत ईकारान्त शब्द बहुधा स्त्रीलिंगी असतो: ती नदी, ती वही, ती भाकरी. पण 'ती लोणी' कुणी म्हणत नाही. ते लोणी, ते पाणी, ते दही. कारण या शब्दांतली 'ई' स्त्रीलिंगाची नाहीच. नवनीतम्, पानीयम्, दधि हे मूळ शब्द नपुंसकलिंगी, आणि मराठीने त्यांचं लिंग आजवर सांभाळलं आहे. हिंदीत नपुंसकलिंग उरलंच नाही. लहान मूलसुद्धा 'लोणी दिलं' म्हणतं, 'दिली' म्हणत नाही, आणि त्या एका अनुस्वारात संस्कृतातलं नपुंसकलिंग अजून जिवंत आहे.

आता एक प्रश्न उरतो. लोण्याचं नाव ठेवताना लोकांना त्याचा ताजेपणाच का जाणवला? मऊपणा का नाही, चव का नाही? याचं उत्तर डेऱ्यात आहे.

दुधात स्निग्धांशाचे अतिशय बारीक थेंब तरंगत असतात. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनं आणि स्निग्ध द्रव्यांचं पातळ आवरण असतं, म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. दह्यात किंवा विरजलेल्या सायीत रवी फिरू लागली की हवेचे बुडबुडे आत शिरतात, थेंब एकमेकांवर आदळतात आणि आवरणं फाटतात. आतला थोडासा पातळ भाग बाहेर येतो आणि थेंबाला थेंब चिकटू लागतो. आधी कण दिसतात, मग कण्या, मग बघता बघता गोळा. या टप्प्यावर रवीचा आवाजही बदलतो. दाट, जड आवाज जाऊन पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. घुसळणाऱ्या बाईला भांड्यात न बघताही कळतं. 'आलं का गं लोणी?' असं आतून विचारलं जातं ते याच क्षणी. आणि शब्दाकडे लक्ष द्या. लोणी 'केलं का' असं विचारत नाहीत, 'आलं का' विचारतात.

त्या क्षणी खरोखर सगळं उलटून जातं. दह्यात पाणी जास्त आणि त्यात स्निग्ध थेंब. लोण्यात स्निग्धांश जास्त आणि त्यात पाण्याचे थेंब अडकलेले. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणी आणि थोडा दुधाचा अंश. बाकी राहतं ते ताक.

हे घडायला स्निग्धांश अर्धवट घट्ट आणि अर्धवट पातळ असावा लागतो. सगळा वितळलेला असेल तर थेंब एकमेकांना धरत नाहीत, सगळा गोठलेला असेल तर चिकटत नाहीत. दुधाचा स्निग्धांश माणसाच्या अंगाच्या तापमानाला जवळजवळ पूर्ण वितळतो. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा भर दुपारी कितीही घुसळलं तरी लोणी धरत नाही, नुसता तेलकट तवंग येतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे घुसळायचं, माठातलं गार पाणी घालायचं किंवा आता बर्फाचे खडे टाकायचे. थंडीत याच्या उलट, कोमट पाण्याचा शिपका मारला की लोणी चटकन येतं. आपल्या बायकांनी हे भौतिकशास्त्र पुस्तकाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या पेललं आहे आणि त्याची नोंद फार थोड्यांनी घेतली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असं आलेलं लोणी फार टिकत नाही. अडकलेलं पाणी आणि ताकाचा अंश यांमुळे ते लवकर आंबतं आणि त्याला खवट वास लागतो. म्हणून ते पुन्हा पुन्हा धुतात, ताकात किंवा पाण्यात बुडवून ठेवतात, रोज पाणी बदलतात, आणि तरीही दोन-चार दिवसांत कढवावंच लागतं. कढवलं की पाणी उडून जातं, दुधाचा अंश बेरी होऊन तळाशी बसतो आणि वर जे तूप राहतं ते महिनोन्‌महिने टिकतं. म्हणजे लोणी ही मधली, थोड्या काळाची अवस्था. ते नवं आहे तोवरच लोणी. 'नवनीत' नाव ठेवणाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट पकडली.

मराठीत एका ठिकाणी हा ताजेपणा अजून ऐकू येतो. 'लोणकढं तूप' म्हणजे नुकतंच लोणी कढवून केलेलं तूप. त्यातला 'लोण' मिठाचा नाही, लोण्याचा. आणि 'लोणकढी थाप' म्हणजे तशीच ताजी, नुकतीच रचलेली थाप.

आता कानडी आणि तेलुगूकडे वळू. द्रविड भाषांमध्ये पांढऱ्यासाठी जुना धातू आहे तो 'वेळ्' किंवा 'वेण्' अशा रूपांत दिसतो. 'नेय्' म्हणजे तूप, तेल, कोणताही स्निग्ध पदार्थ. तमिळमध्ये दोन्ही जोडून 'वेण्णेय्' होतो: पांढरं तूप. तेलुगूत त्याचंच आटोपशीर रूप 'वेन्न'. कानडीत सुरुवातीच्या 'व'चा 'ब' होतो, तमिळमधलं 'वा' म्हणजे 'ये' हे कानडीत 'बा' होतं, त्याच रीतीने इथं 'बेण्णे'. बेण्णे डोसा खाताना आपण 'पांढऱ्या तुपाचा डोसा' मागत असतो.

ही पांढरी मुळं त्या भाषांत दूरवर पसरली आहेत. चांदीला कानडीत 'बेळ्ळि' म्हणतात आणि चांदण्याला 'बेळदिंगळु'. तेलुगूत चांदण्याला 'वेन्नेल', त्यात 'नेल' म्हणजे चंद्र. म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या तेलुगू घरात लोणी आणि चांदणं हे दोन्ही शब्द 'पांढरं' म्हणतच सुरू होतात.

इथल्या लोण्याला हे नाव शोभतंही. या जिल्ह्याची ओळख पंढरपुरी म्हैस, तलवारीसारखी लांब शिंगं मागे वळलेली, सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागात दिसणारी. गाईच्या दुधातलं कॅरोटिन लोण्यात उतरतं आणि लोणी पिवळसर होतं. म्हैस ते कॅरोटिन अंगातच जीवनसत्त्व अ मध्ये बदलून टाकते, म्हणून तिचं दूध आणि लोणी पांढरंशुभ्र. शिवाय म्हशीच्या दुधात स्निग्धांश जवळपास 7 टक्के, गाईच्या दुधात 4 च्या आसपास. म्हणून एवढ्याशा दुधातही गोळा भरघोस निघतो.

बाकीच्या भाषांनी आणखी वेगळ्या गोष्टी पाहिल्या. हिंदीतलं 'मक्खन' हे संस्कृत 'म्रक्षण'पासून, म्हणजे अंगाला चोपडणे. आपण लोण्यासाठी हा शब्द घेतला नाही, पण 'चिखलाने माखलेला' म्हणतो तेव्हा त्याचंच क्रियापद वापरतो. 'मस्का' फारसीतून आला. इंग्रजी 'बटर'चं मूळ ग्रीक शब्दात आहे आणि त्याचा अर्थ 'गाईचं चीज' असा सांगतात.

घुसळण्याची कथा वेगळी. संस्कृतात 'मंथ' धातू, मंथन त्याचंच. पण स्वयंपाकघरात कुणी 'मंथन कर गं' म्हणत नाही, 'घुसळ' म्हणतं. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात सूत्र आहे, 'मन्थेर्घुसल-विरोलौ'. मंथ धातूच्या जागी लोक 'घुसल' आणि 'विरोल' वापरतात, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या शब्दापासून हिंदीत 'बिलोना' आलं, पहिला मराठीने ठेवला. देवळातल्या प्रवचनात समुद्रमंथन आणि मागच्या दारी घुसळखांब, ही विभागणी त्या सूत्राइतकी जुनी आहे.

मग राहिलं तूप. दूध, दही, ताक, लोणी हे चारही शब्द संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत आले: दुग्ध, दधि, तक्र, नवनीत. या रांगेत पाचवा शब्द 'घृत'पासून यायला हवा होता. हिंदीत तसा आला, 'घी'. मराठीत मात्र 'तूप'. प्राकृतात 'तुप्प' हा शब्द होता, स्निग्ध किंवा तुपाने माखलेलं अशा अर्थाने. दुद्धचं दूध आणि तक्कचं ताक झालं, त्याच चालीने तुप्पचं तूप. आणि हाच 'तुप्प' कानडीत आजही जसाच्या तसा आहे, तूप याच अर्थाने. लोण्याचं नाव मराठी आणि कानडीत वेगळं, पण तेच लोणी कढवलं की दोन्ही भाषा एका शब्दावर येतात. अक्कलकोटच्या बाजारात कानडी बाई 'तुप्प' म्हणते तेव्हा मराठी गिऱ्हाइकाला अर्थ विचारावा लागत नाही.